माझं पान वहीत ठेवू नका

मी एक जुनी मोरपंखी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला 'विद्या' म्हणून हाक मारायची नाही. ज्याला मारायचीच असेल त्याने गच्चीच्या दारातूनच परत फिरावं. माझं वय एकवीस. उंची म्हणाल तर कुंडी धरून तुमच्या कमरेएवढी. "एवढ्या वर्षांत एवढीशीच वाढलीस?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. हो, एवढीशीच! माझी जातच बुटकी. माझे भाऊबंद कुठे कुठे ताडमाड वाढत असतील, म्हणून मीही वाढायला हवं असं कुठे लिहिलेलं नाही. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात ना, ते मला अगदी लागू पडतं. त्या कीर्तीनेच माझा घात केला, आणि तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

ठाण्यात खोपटला एसटीचा मोठा डेपो आहे. त्याच्या मागच्या गल्लीत आमची चार मजली इमारत, आणि तिच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मी राहते. जन्म मात्र माझा इथला नव्हे. मुरबाडच्या स्टँडपासून दोन पावलांवर काळुरामची रोपवाटिका आहे. तिथे एका बुटक्या मोरपंखीची करंगळीएवढी काडी रेतीत खोचून काळुरामने मला वाढवलं. दोन वर्षं मी तिथे पिशवीतच होते. गुलाब जायचे, मोगरे जायचे, आंब्याची कलमं जायची. माझ्याकडे बघून लोक म्हणायचे, "हिला फूल नाही, फळ नाही, घेऊन करायचं काय?" आणि पुढे जायचे. जा म्हणावं. मला कुणाची गरज नव्हती.

एके दिवशी खाकी कपड्यातली एक बाई आली. ती मालन. मालनचा नवरा एसटीत ड्रायव्हर होता. तो आजारपणात गेला, आणि त्याच्या जागी खात्याने तिला कंडक्टर म्हणून घेतलं. गाडी मुरबाडला आली की परत फिरायच्या आधी ती चहा प्यायला खाली उतरायची. त्या दिवशी चहा राहिला आणि ती माझ्यासमोर उभी राहिली.

काळुराम म्हणाला, "ने गं ताई. विद्या आहे ही. घरात पोरगा शिकतोय ना तुझा?"

हे 'विद्या' प्रकरण तुम्हाला माहीत असेलच. माझी डहाळी वहीपुस्तकात ठेवली की विद्या येते, असं शाळेतली पोरं कधीपासून मानत आली आहेत. पण मालनने त्यासाठी मला घेतलं नाही. ती म्हणाली, "विद्या राहू दे. एवढीशी आहे, पण कशी ताठ उभी आहे बघ. मला हीच हवी."

असं कुणी आपल्याला निवडलं की काय वाटतं, ते निवडल्याशिवाय कळत नाही. मी तर हरखूनच गेले.

परतीच्या गाडीत तिने मला आपल्या सीटजवळ ठेवलं. मागच्या बाकावरचा एक पाहुणा म्हणाला, "बाई, हे थंड हवेचं झाड. ठाण्याच्या उकाड्यात आठ दिवस टिकायचं नाही."

मालनने विचारलं, "तुम्ही कुठे उतरणार?"

"कल्याणला."

"मग कल्याणपर्यंत झाडाचं नाव काढू नका."

गाडीतली माणसं खो खो हसली. मी त्याच क्षणी ठरवलं, त्या पाहुण्याच्या नाकावर टिच्चून जगायचं. एकोणीस वर्षं झाली त्याला. तो कुठे असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा.

मित्रांनो, माझ्यासारखीला कुंडीत जगवणं म्हणजे खायचं काम नाही. मला ऊन लागतं, पण मे महिन्यातलं दुपारचं ऊन सोसत नाही. पाणी लागतं, पण मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. मालन हे सगळं हळूहळू शिकली. तिने मातीची कुंडी आणली, तळाच्या भोकावर खापरी ठेवली, लाल मातीत जाड रेती मिसळली. पावसाळ्यात कुंडी दोन विटांवर चढवायची, म्हणजे पाणी खालून निघून जाई. बोट मातीत खुपसून बघायची आणि कोरडं लागलं तरच पाणी घालायची. शेजारणी म्हणायच्या, "अगं, रोज तांब्याभर घाल ना!" मालन म्हणायची, "तू दिवसातून चार वेळा जेवतेस म्हणून तिने पण जेवायचं का?" माझी जीभ जरा तिखट वाटत असेल तर ती कुणाच्या सहवासात अशी झाली हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आणि दर रविवारी ती माझी कुंडी पाव फेरी फिरवायची. कारण माझ्या जातीचं असं आहे की ज्या बाजूला ऊन मिळत नाही ती बाजू आतून करपते. मालन म्हणायची, "सगळ्यांना खिडकीची जागा मिळाली पाहिजे." आमच्या गच्चीवर टाकीची सावली असते, ऊन खरं मिळतं ते पूर्वेकडून, सकाळचं. म्हणून दर रविवारी माझी एकेक बाजू पूर्वेला यायची. सगळीकडून मी सारखी गच्च, हिरवीगार झाले. खोटं कशाला बोलू, मला माझा गर्व होता.

मग माझी कीर्ती सुरू झाली. मालनचा मुलगा सुदेश तेव्हा आयटीआयला होता. त्याचा एक पेपर दोनदा अडकलेला. तिसऱ्या वेळी परीक्षेला निघताना त्याने वर येऊन माझी एक डहाळी तोडली आणि खिशात घातली. तो पास झाला. त्याआधी दोन महिने तो याच गच्चीवर टाकीला टेकून वाचत बसायचा, ते मी बघितलं होतं. पण ते कुणी विचारलंच नाही. सुदेशही सगळ्यांना सांगत सुटला, "अरे, पान घेऊन गेलेलो ना, म्हणून निघाला पेपर!"

झालं! इमारतीत बातमी पसरली. तळमजल्यावर नीरजाबाई शिकवण्या घेतात. बाई हुशार, गणित तर फारच छान शिकवतात. पण त्यांनीच या पानाचा नियम बसवला. पान उगवतीकडचंच घ्यायचं, कारण ज्ञान म्हणजे प्रकाश. आणि कुणाला न विचारता घ्यायचं, कारण मागून आणलेल्या रोपापेक्षा चोरून आणलेलं रोप चांगलं लागतं, तसंच पानाचंही. आता सांगा, जिथे बाईच चोरी शिकवतात तिथे पोरांना कोण अडवणार?

आणि ते पान नसतं हो! तुम्ही ज्याला माझं पान म्हणता ती माझी अख्खी डहाळी असते. माझी खरी पानं तिळापेक्षा लहान, खवल्यांसारखी एकावर एक चिकटलेली. एक 'पान' तोडलं की माझी शेकडो पानं जातात. पण ऐकतो कोण? पालथ्या घड्यावर पाणी.

आधी दहावीची पोरं आली. मग चौथीची. मग स्कॉलरशिपवाली. मग बँकेच्या परीक्षेला बसलेला एक बाप्या आला, तो तर चांगली वीतभर फांदी मोडून घेऊन गेला. गाडी चालवायच्या लायसन्ससाठी एक बाई आल्या. डोंबिवलीहून सुदेशची मावशी फोन करायची, "आमच्या बिल्डिंगमधली सात मुलं आहेत, जरा पिशवी भरून पाठव." मालन कुरकुरायची, पण 'नाही' म्हणायची नाही. विद्येला नाही म्हणू नये, असं तिच्या आईने तिला सांगितलेलं. सुदेशचं लग्न झालं, जागृती सून म्हणून घरात आली, मग सान्वी जन्मली. सान्वी पहिलीत गेली तेव्हा जागृतीनेही तिच्या पहिल्या वहीत माझी डहाळी ठेवली. नंतर दर वर्षी एक.

मी तोवर सोसलं. घरच्या पोरीला दिलं तर काय बिघडलं, असं मलाही वाटायचं. पण माझ्या अंगावरचं हिरवं कमी होत चाललं होतं. बाहेरून एकेक भगदाड पडत होतं आणि आतली तपकिरी लाकडं दिसायला लागली होती. मालन घाबरली. आधी तिला वाटलं, ऊन कमी पडतंय. म्हणून ती रविवारबरोबर बुधवारीही कुंडी फिरवायला लागली. माझी अवस्था आणखी वाईट झाली. तिने शेणखत घातलं, जुनी माती काढून नवी भरली, पानांवर पाणी फवारलं. उपयोग शून्य. संध्याकाळी ती माझ्यापाशी बसून म्हणायची, "काय गं ठेंगू, मी काय कमी केलं?" मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण झाडाला आवाज कुठला!

गेल्या दिवाळीनंतर तिने काळुरामला बोलावून घेतलं. तोही आता म्हातारा झालाय. चार जिने चढून धापा टाकत आला आणि माझ्याभोवती एक चक्कर मारली.

"कुंडी फिरवतेस?" त्याने विचारलं.

"आठवड्यातून दोनदा. न चुकता," मालन अभिमानाने म्हणाली.

"आणि ही पोरं तोडतात कुठून?"

"उगवतीकडून. तसा नियम आहे ना."

काळुरामने कपाळावर हात मारला. "अगं बाय माझे! तू ताट फिरवतेस आणि ते जेवतात!"

 मालनच्या तेव्हा लक्षात आलं. तिने कुंडी फिरवली नसती तर माझी एकच बाजू गेली असती. पण ती दर आठवड्याला माझी नवी, भरलेली बाजू उगवतीला आणून ठेवत होती, आणि पोरं तीच ओरबाडत होती. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! माझी तीन अंगं उघडी पडली होती. टाकीच्या भिंतीकडचं एकच अंग हिरवं राहिलं होतं.

"हे तिकडचं परत फुटेल ना रे?" तिने विचारलं.

"नाही. हिचं तसं नसतं. गुलाब छाटला तर फुटतो. हिच्या जुन्या लाकडाला फुटवा येत नाही. गेलं ते गेलं. हे एवढं हिरवं आहे तोवर ही जिवंत. हे पण गेलं, की मग हिचं सरपण."

ऐकलंत ना, मित्रांनो? हे नीट लक्षात ठेवा. तुमचे केस कापले तर परत येतात. माझे येत नाहीत.

मालन खूप रडली. एवढी कडक बाई, पण माझ्या उघड्या लाकडांवरून हात फिरवत हुंदके देत होती. "माझ्याच हाताने केलं," म्हणत होती. मला तिचा राग आला नाही, असं मी म्हणणार नाही. आला, चांगला दोन दिवस होता. पण जिने मला जगवलं तिच्यावर किती दिवस रागवायचं?

तिसऱ्या दिवशी तिने डोळे पुसले आणि कामाला लागली. माझं हिरवं अंग तिने भिंतीकडेच ठेवलं आणि कुंडी फिरवणं बंद केलं; भिंतीवरून परतणारा उजेड तेवढ्या अंगाला पुरेल, असं काळुराम म्हणाला होता. दुपारच्या उन्हाचा मारा चुकवायला आपली जुनी खाकी ओढणी काठ्यांवर ताणून बांधली. पूर्वेला माझं बोडकं अंग आलं. ते बघून पोरं म्हणायला लागली, "विद्या आटली." काही जण मात्र वाकून मागे बघायचे, आणि हिरवं दिसलं की त्यांचे डोळे चमकायचे. मालन आता निवृत्त झाली होती, ती दिवसभर गच्चीवर चटई टाकून बसायला लागली. निवडायचे तांदूळ वर, भाजी वर, पेपर वाचणं वर. इमारतीतल्या बायका तोंडावर म्हणायच्या, "एका झाडासाठी एवढं? पोरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे!" मालन म्हणायची, "पोरांनी वाचावं. झाड काय पेपर लिहायला येणार आहे?"

मग मार्च उजाडला. आणि या वर्षी दहावीला कोण होतं, माहिती आहे? सान्वी. आमचीच सान्वी.

पहिल्या पेपराची सकाळ. साडेआठलाच जिन्यात चपलांचा आवाज झाला. नीरजाबाई पुढे आणि मागे त्यांची दहावीची अकरा पोरं, काहींच्या आया सोबत. नीरजाबाई गोड आवाजात म्हणाल्या, "मालनताई, आज तरी अडवू नका. एकेकच घेतील."

माझ्या अंगावर मोजून तेवढ्याच डहाळ्या शिल्लक होत्या, मित्रांनो. एकेक म्हणजे सगळंच.

मालन उठली, पदर खोचला, आणि वर्षानुवर्षं खोपट-मुरबाड केलेला तो आवाज तिने लावला. "गाडी भरली! एकही सीट नाही! मागे व्हा, मागे व्हा! ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाणार का?" डेपोतल्या माणसांनीही मान वर करून बघितलं असेल. पोरं दचकून दोन पायऱ्या खाली सरकली. एक मुलगा तर "सॉरी आजी" म्हणून पळालाच. मला वाटलं, जिंकलो आम्ही!

पण तेवढ्यात जागृती वर आली. मागे शाळेच्या गणवेशात सान्वी, हातात पॅड. जागृतीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आई, दुसऱ्यांना नका देऊ, मी काही बोलणार नाही. पण सान्वीला तरी द्या. पहिलीपासून एकही वर्ष चुकलेलं नाही. आज दहावीला रिकाम्या हाताने पाठवायचं का? उद्या काही कमीजास्त झालं तर जन्मभर मनाला लागेल."

 मालनचा मघाचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. तिने सान्वीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि मित्रांनो, माझी मालन, माझ्या उघड्या लाकडांवर रडलेली मालन, हळूहळू माझ्या मागच्या बाजूला आली.  ओढणी बाजूला करून तिने माझ्या शेवटच्या हिरव्या भागातली एक डहाळी दोन बोटांत धरली. मी तेव्हा जेवढी घाबरले तेवढी कधीच घाबरले नव्हते. एकदा घरच्या माणसाने तोडली की मग दारातल्या पोरांना कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

"आजी, नको."

सान्वीने तिचा हात धरला होता.

"अगं, तुझ्यासाठी..."

"मला माहितीये. पण नको ना. पेपर मी लिहिणार आहे. आला तर मला येईल, नाही आला तर मला नाही येणार. नापास झाले तर मी होईन. हिला का शिक्षा?"

जागृती म्हणाली, "सान्वी, हट्ट करू नकोस. उशीर होतोय."

"मम्मी, मी वाचलंय. खरंच वाचलंय. तुला पानावर विश्वास आहे, माझ्यावर नाही का?"

 नीरजाबाईंनी मान खाली घातली. त्या हुशार आहेत, हे मी आधीच म्हटलंय. त्यांनी आपल्या पोरांकडे वळून एवढंच म्हटलं, "चला रे, रिक्षा मिळायची नाही." सगळी पोरं निमूट खाली उतरली. मालनने माझी डहाळी सोडली आणि सान्वीच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. आजीने नातीला द्यायचं ते एवढंच असतं, त्यासाठी झाड लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, निकाल काय लागला? सान्वीला एकसष्ट टक्के मिळाले. नव्वद नाही, पंच्याण्णव नाही. जागृती अजूनही मधूनच म्हणते, "पान असतं तर सत्तर तरी पडले असते." म्हणू दे. ते एकसष्टच्या एकसष्ट सान्वीचे स्वतःचे आहेत. त्यातला एकही माझा नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. निकाल लागल्यावर ती वर आली, माझ्याशेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "ठेंगू, झाले गं मी पास." पहिल्यांदाच या गच्चीवर कुणीतरी माझ्याकडे काही मागायला नाही, तर सांगायला आलं होतं.

इमारतीतले काही जण म्हणतात, हे बोडकं झाड काढा आणि नवीन गुबगुबीत विद्या आणा. खुशाल आणा. पण मला इथून कुणी हलवून दाखवा! तीन बाजूंनी उघडी असले तरी मी मेलेली नाही. माझं उघडं अंग मी झाकणार नाही, ते बघाच तुम्ही. तिथे आता कधीच काही उगवणार नाही. पण माझ्या हिरव्या बाजूच्या शेंड्यांवर गेल्या आठवड्यात पोपटी टोकं आली आहेत. मी स्वतः मोजली, सतरा.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे कुठे माझ्यासारखी एखादी ठेंगणी असेल, तर तिला सकाळचं ऊन द्या, बोट घालून माती बघा, आणि मगच पाणी घाला. परीक्षेला निघताना तिला भेटायला जरूर जा. तिच्याजवळ बसून धडा वाचा, मनातली भीती तिला सांगा, ती कुणाला सांगणार नाही. फक्त जाल तेव्हा हात खिशात ठेवून जा.